उभा हात, पालथा हात

टेबलावर सहज टेकवलेला हात सहसा पूर्ण पालथा नसतो आणि उताणाही नसतो. करंगळीकडची कड टेबलाला लागलेली असते, अंगठा वर असतो आणि बोटे किंचित मिटलेली असतात. कोपरापासून मनगटापर्यंत रेडिअस आणि अल्ना ही दोन हाडे शेजारी शेजारी असतात. हाताच्या या स्थितीत ती एकमेकांवर फारशी चढत नाहीत. तळवा जमिनीकडे वळवला की रेडिअस अल्नाला ओलांडून पलीकडे जाते. हे वळण घडवणारे स्नायू मुख्यतः दोन आहेत. एक कोपराखाली तिरपा बसलेला असतो आणि दुसरा मनगटाच्या जरा वर, चौकोनी पट्टीसारखा. नेहमीचा सपाट माउस धरायचा तर हात जवळजवळ शेवटपर्यंत पालथा करावा लागतो आणि काम संपेपर्यंत तसाच ठेवावा लागतो. व्हर्टिकल माउस म्हणजे उभा माउस हे वळण कमी करतो. त्याची पाठ एका बाजूला उंच असते. तळवा तिच्या उतारावर टेकतो, अंगठा एका अंगाला बसतो आणि चार बोटे दुसऱ्या. हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात जसा असतो, जवळपास तसाच.

सपाट माउसचा आकार पूर्ण दिवसाच्या कामाचा विचार करून ठरलेला नव्हता. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस तयार केला. तो एक लाकडी ठोकळा होता. खाली काटकोनात बसवलेली दोन धातूची चाके होती आणि वर एकच बटण. त्या गटाने माउसची तुलना प्रकाश-लेखणी, जॉयस्टिक आणि गुडघ्याने चालवायच्या एका साधनाशीही केली. पडद्यावरचा नेमका शब्द निवडायला किती वेळ लागतो आणि किती चुका होतात, हे त्या चाचण्यांत मोजले गेले. प्रश्न रास्त होता आणि माउस त्यात चांगला उतरला. हे साधन रोज आठ तास वापरल्यावर हाताचे काय होईल, हा प्रश्न तेव्हा कोणापुढे असण्याचे कारणच नव्हते, कारण तसे वापरणारे कोणी नव्हते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील परिषदेत एंगलबार्ट यांनी माउस जाहीरपणे चालवून दाखवला, १९७० मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर तो सामान्य ग्राहकाच्या टेबलावर येऊ लागला. आतले तंत्र त्या पहिल्या ठोकळ्यानंतर अनेकदा बदलले. चाके जाऊन गोळी आली, गोळी जाऊन प्रकाशकिरण आला, मधे स्क्रोलचे चाक बसले. वरून पालथ्या तळव्याने धरायची पद्धत मात्र चार दशके जवळजवळ जशीच्या तशी राहिली.

बसून हाताने करायच्या कामाचे दुखणे त्याहून फार जुने आहे. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला, आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिक व कारकुनांवर स्वतंत्र प्रकरण घातले. त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्यांनी नोंदवली: सतत बसून राहणे, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांनंतर टॅलीवर हिशेब ठेवणारा लेखापाल, सातबारा संगणकावर चढवणारा तलाठी कार्यालयातला कर्मचारी किंवा पुण्यात पुस्तकांची पाने लावणारा डीटीपी ऑपरेटर यांच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एका शब्दाचाही फरक न करता लागू पडतात. एक गोष्ट मात्र उलटी झाली आहे. बोरूने किंवा टाकाने लिहिणाऱ्याचा हात कागदावर करंगळीच्या कडेवर टेकलेला असे, म्हणजे बराचसा उभा. पेशवे दफ्तरातले मोडीचे रुमाल ज्यांनी लिहिले त्यांची बोटे आणि डोळे दमत असतील, पण त्यांच्या हातावर पूर्ण पालथे राहण्याची सक्ती नव्हती. ती टंकलेखन यंत्राच्या आणि कळफलकाच्या काळात आली आणि माउसने ती उजव्या हातावर पक्की केली. ज्या व्यवसायांत लाखो माणसांचा दिवस याच एका हालचालीत जातो, तिथे या बदलाकडे इतका काळ दुर्लक्ष व्हावे ही खेदाची गोष्ट आहे. कारखान्यातल्या यंत्रावरचा हात धोक्यात असतो हे सर्वांना मान्य आहे. कार्यालयातल्या हाताचे दुखणे मात्र आजही बरेचदा नाजूकपणात मोजले जाते.

सपाट माउस धरताना हातावर एकच ताण येत नाही. पालथेपणा हा त्यातला पहिला. दुसरा ताण मनगट मागे वाकण्याचा: माउसची पाठ उंच आणि मनगट टेबलावर टेकलेले, त्यामुळे पंजा वर उचललेल्या स्थितीत राहतो. तिसरा मनगट करंगळीच्या बाजूला वळण्याचा. खांद्यापासून बाहेर गेलेला हात माउसवर सरळ आणायचा तर मनगटाला कोन करावाच लागतो. चौथा ताण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बटणावर ठेवलेले बोट चुकून क्लिक होऊ नये म्हणून किंचित उचलून धरलेले असते. ते उचलून धरणारे स्नायू हाताच्या मागच्या बाजूने कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत जातात. टेनिस एल्बो म्हणून ओळखले जाणारे दुखणे तिथलेच. रॅकेट कधी हातात न धरलेल्या माणसांना ते होते, त्यामागचे एक कारण असे तासन्‌तास उचलून धरलेले बोट असू शकते.

मनगटाच्या आत जागा अतिशय कमी आहे. मनगटाच्या लहान हाडांची कमान खाली आणि त्यावर ताणलेला मजबूत अस्थिबंध वर, यांच्या मधल्या बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या सोबत मीडियन नर्व्ह ही नस जाते. कंडरांची आवरणे सुजली किंवा मनगट वाकले की बोगद्यातला दाब वाढतो आणि सर्वांत आधी तक्रार करते ती ही नस. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. रात्री मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. पीटर कीर, जोएल बाख आणि डेव्हिड रेम्पेल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माउस वापरताना या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला होता. नुसता हात माउसवर ठेवण्यापेक्षा टिचकी मारताना आणि बटण दाबून ओढताना दाब अधिक होता. मनगट मागे वाकू न देणे, ओढण्याचे काम लांबवू न देणे आणि त्या हाताला मधूनमधून दुसरे काम देणे, असा त्यांचा सल्ला होता. पानांची मांडणी करणाऱ्यांचे जवळजवळ सगळे काम चौकटी ओढण्याचे असते. हा सल्ला त्यांना इतरांपेक्षा अधिक लागू पडतो.

उभा माउस यांतले काय काय सुधारतो? उत्तर सरसकट नाही, आणि जाहिराती जितके सांगतात तितके तर नाहीच. पालथेपणा तो नक्की कमी करतो. बोटे आता वरून लटकत नाहीत, बाजूने टेकतात, त्यामुळे ती उचलून धरण्याचे श्रम घटतात. स्वीडनमध्ये गुस्ताफसन आणि हागबर्ग यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हात उभा ठेवून काम करताना स्नायूंचे काम कमी झालेले आणि मनगट कमी वळलेले दिसले. त्याच प्रयोगात काम मंदावलेही होते, आणि बहुतेकांनी जुन्याच माउसला पसंती दिली होती. नॉर्वेत आर्ने ओरोस यांच्या गटाने आधीच दुखत असलेल्या संगणक कर्मचाऱ्यांना उभ्या मुठीचा माउस दिला तेव्हा काही महिन्यांत त्यांचे दुखणे कमी झाल्याची नोंद झाली. दुसऱ्या बाजूला ॲनिना श्मिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कार्पल टनेलचा आजार असलेल्या रुग्णांमध्ये दाब मोजला. उभ्या माउसमुळे मनगटाचे करंगळीकडचे वळण कमी झाले, पण बोगद्यातला दाब कमी झाला नाही. जेलची गादी आणि तळव्याखालचा सरकता आधार यांनीही तो कमी केला नाही.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. दुखणे एक नाही आणि त्याच्या जागाही अनेक आहेत. कोपराखालच्या आणि हाताच्या मागच्या बाजूच्या थकलेल्या स्नायूंना उभ्या माउसने आराम मिळू शकतो. बोगद्यात दबलेल्या नसेला तो मोकळे करतो असे म्हणायला आधार नाही. डेन्मार्कमध्ये तांत्रिक कर्मचाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा करून केलेली मोठी पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे सात हजार जण होते. संगणकाचे काम हा कार्पल टनेलच्या आजाराचा मोठा व्यावसायिक धोका आहे असे तिच्यात आढळले नाही. आठवड्याला वीस तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांत मात्र लक्षणांचे प्रमाण वाढलेले दिसले. कळफलकाबाबत तसे दिसले नाही. म्हणजे माउस हातातून किती वेळ सुटत नाही, हा प्रश्न त्याच्या आकाराइतकाच मोलाचा आहे. २०६ अभियंत्यांवर वर्षभर चाललेल्या एका अमेरिकन चाचणीत (२००८) वेगळा माउस आणि कोपरापुढचा हात टेकवायची रुंद फळी अशी दोन्ही साधने तपासली गेली. तिच्यात फळीचा उपयोग अधिक ठळकपणे पुढे आला. माउस बदलताना हात कशावर टेकतो हे न पाहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

म्हणून निवडीची सुरुवात दुकानातून न होता दुखण्याच्या जागेपासून झाली पाहिजे. संध्याकाळी हाताच्या पाठीमागे, कोपराच्या बाहेरच्या बाजूला ओढ लागत असेल, किंवा हात पालथा ठेवल्यावर कोपराखाली ताठरपणा येत असेल, तर उभ्या माउसकडून अपेक्षा ठेवता येते. दुखणे अंगठ्याच्या मुळाशी असेल तर तीच अपेक्षा उलटी पडू शकते, कारण अनेक उभ्या माउसमध्ये पकड सांभाळायचे काम अंगठ्यावर येते. खांदा दुखत असेल तर माउस किती दूर ठेवला आहे हे आधी पाहावे. तिथे आकाराचा दोष क्वचितच असतो.

त्यानंतर हाताचे माप. मनगटावरच्या पहिल्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आणि अंगठा वगळून बोटांच्या मुळांशी पंजाची रुंदी, ही दोन मापे साध्या टेपने घेता येतात. चपलेसारखेच इथेही माप चुकले की किंमत कितीही असो, वस्तू कामाची नाही. सपाट माउस थोडा मोठा किंवा लहान असला तरी चालून जातो, कारण हात त्यावर नुसता पडलेला असतो. उभ्या माउसला हात चहूबाजूंनी भिडतो. तो मोठा असेल तर बोटे बटणाच्या टोकापर्यंत पोचवायला ताणावी लागतात आणि तळवा पाठीवरून सुटतो. लहान असेल तर करंगळी खाली घसटते आणि पकड चिमटीसारखी होते. लॉजिटेकचा २०१८ मधला एमएक्स व्हर्टिकल मोठ्या पंजाला बसतो. २०२२ मधला लिफ्ट याच कंपनीने लहान व मध्यम हातांसाठी, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटरपर्यंत लांबीच्या पंजासाठी काढला. इव्होल्युएंट ही कंपनीही लहान आणि नेहमीचे अशी निराळी मापे देते. स्वस्त माउस बहुधा एकाच मापात येतात, आणि ते माप मोठ्या पुरुषी पंजाचे असते. आपल्याकडच्या कार्यालयांत डेटा भरण्याचे आणि हिशेबाचे बरेच काम स्त्रिया करतात. त्यांच्यासाठी मापाचा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांच्या आधी येतो. खोक्यावर माप लिहिलेले नसेल तर तो माउस हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. ऑनलाइन घेताना परत करण्याची सोय असलेलाच घ्यावा.

मग येतो उताराचा कोन, आणि गैरसमज इथेच जास्त आहेत. हात जितका उभा तितका चांगला, म्हणजे नव्वद अंश सर्वोत्तम, असे वाटणे साहजिक आहे. पण अगदी उभा पंजा स्वतःच्या वजनाने टिकत नाही. तो कलंडू नये म्हणून माउस घट्ट धरावा लागतो, आणि पालथेपणाच्या जागी पकडीचा ताण येतो. दुसरी अडचण टिचकीची. सपाट माउसवर बोट खाली दाबते आणि तो दाब टेबल घेते. उभ्या माउसवर बोट आडवे दाबते, त्यामुळे माउस अंगठ्याच्या दिशेने ढकलला जातो आणि अंगठ्याला उलट आधार द्यावा लागतो. नेमक्या ठिकाणी टिचकी मारताना कर्सर हलतो तो याच कारणाने. लॉजिटेकच्या दोन्ही माउसचा कोन ५७ अंश आहे. इव्होल्युएंटचे त्याहून उभे आहेत. कोंटूर या कंपनीचा युनिमाउस ३५ ते ७० अंशांमध्ये हवा तसा वळवता येतो. ज्याला कोणता कोन मानवेल हे ठाऊक नाही त्याने पन्नास-साठ अंशांच्या आसपास सुरुवात करणे शहाणपणाचे. सपाट माउसवरून थेट उभ्याकडे जाण्यापेक्षा हा मधला टप्पा हाताला लवकर पचतो, आणि पालथेपणाचा बराचसा भार त्यातही उतरतो.

माउसच्या तळाची करंगळीकडची बाजू नीट पाहावी. काही माउसना तिथे बाहेर आलेली कड असते आणि करंगळी तिच्यावर विसावते. ती नसेल तर हाताची कड दिवसभर टेबलाच्या सनमायक्यावर घासते. नुसत्या घासण्याने कातडे जाड होते, ते फारसे महत्त्वाचे नाही. पण मनगटाजवळ त्याच कडेने करंगळीकडे जाणारी अल्नर नस वरवरच असते. मनगटाचा तो भाग टेबलाच्या कडेवर दाबून ठेवला तर करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागतात. म्हणजे एका नसेसाठी घेतलेला माउस दुसऱ्या नसेला जाच करतो. हाताचा भार तळव्याच्या मांसल भागावर आणि कोपरापुढच्या हातावर यावा, मनगटाच्या कडेवर नव्हे.

अंगठ्याचेही असेच. अंगठ्याजवळ पुढे-मागे जाण्याची दोन बटणे बहुतेक सगळ्या उभ्या माउसना असतात. ती अंगठा न उचलता, न ताणता पोचण्याजोगी हवीत. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूने जाणाऱ्या दोन कंडरांचे आवरण सुजण्याच्या आजाराला स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ यांचे नाव आहे. त्यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये तो दिसतो आणि मोबाइलवर अंगठ्याने फार टाइप करणाऱ्यांनाही तो त्रास देऊ शकतो. अशा हाताने अंगठ्याने फिरवायच्या गोळीचा ट्रॅकबॉल घेऊ नये. उभा माउस घेतलाच तर अंगठ्यासाठी खोलगट, रुंद जागा असलेला घ्यावा, जिथे अंगठा नुसता टेकतो, धरत नाही.

टिचकीला लागणारा जोर हातात घेतल्याखेरीज कळत नाही. हलके, मऊ बटण हवे, पण इतकेही हलके नको की बोट टेकवताच ते दाबले जाईल, कारण मग बोट पुन्हा उचलून धरण्याची सवय परत येते. वजनाचे गणितही इथे वेगळे आहे. अगदी हलका उभा माउस उंच असल्यामुळे टिचकी मारताना डगमगतो, तर फार जड माउस सरकवायला खांद्याला काम पडते. लिफ्टचे वजन १२५ ग्रॅमच्या आसपास आहे, एमएक्स व्हर्टिकलचे १३५ च्या. या वजनाला माउस जागेवर राहतो आणि सरकतोही. मांडीवर किंवा पलंगावर बसून काम करणाऱ्यांना कोणताच उभा माउस सोयीचा नाही. त्याला रुंद, सपाट, घट्ट पृष्ठभाग लागतो.

संवेदकाच्या आकड्यांपैकी डीपीआयचा आकडा खरोखर समजून घेण्यासारखा आहे. माउस एक इंच सरकला की तो किती बिंदू मोजतो, ते हा आकडा सांगतो. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर कर्सर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचा तर ८०० डीपीआयवर माउस सुमारे सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो आणि १६०० वर सुमारे तीन. संगणकाने स्वतःहून वाढवलेला वेग यात धरलेला नाही. सपाट माउसवर हे अंतर मनगट आणि बोटे कापतात. उभ्या माउसवर मनगट डावी-उजवीकडे फारसे वळत नाही, तेच काम कोपर आणि खांदा करतात. मोठे सांधे मोठ्या हालचालींना चांगले, बारीक हालचालींना कमी चांगले. म्हणून वेग वाढवला तर खांदा वाचतो पण नेम चुकतो, आणि कमी केला तर नेम साधतो पण हात दमतो. बटणाने डीपीआय बदलता येणारा माउस असल्यास कामाच्या प्रकारानुसार दोन वेग ठेवता येतात. जाहिरातीतले दहा-पंधरा हजारांचे आकडे खेळ खेळणाऱ्यांसाठी असतात. कार्यालयीन कामात त्यांचा उपयोग नाही.

तारेचा की बिनतारी, रिसीव्हरवर चालणारा की ब्लूटूथवर, सेलवर की चार्जिंगवर, हे सारे सोयीचे मुद्दे आहेत आणि हाताच्या प्रकृतीशी त्यांचा संबंध थोडाच आहे. किमतीचा पल्ला हजार रुपयांच्या आसपासपासून दहा हजारांच्या जवळ जातो. महागात मिळते ते प्रामुख्याने मापांची निवड, बटणांचा मऊपणा आणि टिकाऊपणा. कोन तर स्वस्तातही मिळतो. त्यामुळे हा प्रकार आपल्याला मानवतो का, हे आधी स्वस्त माउसवर पाहणे वावगे नाही. फक्त तो आपल्या मापाचा असावा, नाहीतर मापाचा दोष साऱ्या प्रकारावर लादला जातो.

माउस बदलला आणि टेबल तसेच राहिले तर निम्मेच काम होते. सरकारी आणि खासगी कार्यालयांतली बहुतेक टेबले पाऊण मीटरच्या आसपास उंच असतात. बुटक्या किंवा मध्यम उंचीच्या माणसाचा कोपर खुर्चीत बसल्यावर त्याहून खाली राहतो. मग माउसपर्यंत पोचायला खांदा उचलावा लागतो आणि हात टेबलाच्या धारेवर लोंबतो. अशा वेळी खुर्ची वर घेऊन पायाखाली पाट किंवा फळी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अंतराचा मुद्दाही तितकाच मोठा आहे. नेहमीच्या कळफलकाच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळा असतात आणि माउस त्यांच्याही पलीकडे जातो. उभ्या माउसने मनगट सरळ होते, पण बाहेर गेलेला खांदा आत येत नाही. ज्यांना आकड्यांच्या कळा लागत नाहीत त्यांनी आखूड कळफलक घेतला तर माउस बराच जवळ येतो. लेखापालांना त्या कळांशिवाय चालत नाही. त्यांच्यासाठी त्या कळांचा सुटा संच मिळतो आणि तो डाव्या बाजूला ठेवता येतो. हा बदल कित्येकदा माउस बदलण्यापेक्षा अधिक गुण देतो.

नवा माउस हाती आल्यावर पहिले काही दिवस काम मंदावते. स्वीडनमधल्या प्रयोगात दिसली तीच ही मंदी आहे, आणि सरावाने ती बरीच ओसरते. दुसऱ्या कामासाठी हात पुढे करताना माउस आडवा पडतो, कळफलकावरून परत येताना तो पकडायला क्षणभर जास्त लागतो, बारीक चौकटीच्या कोपऱ्यावर नेम बसत नाही. काम भराभर द्यायचे असेल त्या दिवसांत हा बदल सुरू करू नये. रोज थोडा वेळ उभा आणि उरलेला वेळ जुना, असे करत दोन-तीन आठवड्यांत हात रुळतो. या काळात नवीनच जागी, उदाहरणार्थ खांद्याच्या पुढच्या भागात, हलका थकवा जाणवणे स्वाभाविक आहे, कारण आतापर्यंत निवांत असलेले स्नायू कामाला लागलेले असतात. पण टोचरे दुखणे, बधिरपणा किंवा जळजळ नव्याने सुरू झाली तर सवय होईल म्हणून रेटू नये. तो माउस त्या हाताचा नाही. चित्रांकन, छायाचित्रांची डागडुजी, नकाशांचे काम करणाऱ्यांनी सपाट माउस किंवा पेनची पाटी शेजारी ठेवलेली बरी. दोन साधने आलटून पालटून वापरण्यात उणेपणा नाही, उलट भार वाटला जातो.

रात्री हात बधिर होऊन जाग येणे, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बसलेला दिसणे, हातातून कप किंवा किल्ली निसटणे, ही लक्षणे माउस निवडण्याच्या पलीकडची आहेत. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाऊन नसेची तपासणी करून घ्यावी. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गर्भारपण यांतही हीच लक्षणे दिसतात. म्हणून सगळा दोष संगणकावर टाकून थांबू नये.

डावखुऱ्यांचा विचार उभ्या माउसमध्ये वेगळा करावा लागतो. सपाट, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस कोणत्याही हातात चालतो. उभा माउस उजव्या हाताचा असेल तर डाव्याला निव्वळ निरुपयोगी. डाव्या हाताचे साचे थोड्याच कंपन्या काढतात, त्यांत लिफ्ट आणि इव्होल्युएंट यांच्या डाव्या आवृत्त्या आहेत. ज्यांना त्या मिळत नाहीत त्यांच्यासाठी मधोमध मोठी गोळी असलेला, दोन्ही हातांनी चालणारा ट्रॅकबॉल हा पर्याय उरतो. उजव्या हाताच्या माणसालाही डाव्या हाताची मदत घेता येते. उजव्या बाजूला उभा माउस आणि डाव्या बाजूला साधा सपाट माउस, दोन्ही एकाच संगणकाला जोडलेले चालतात. वाचताना पाने सरकवणे, इ-मेल उघडणे अशी ढोबळ कामे डाव्या हाताला थोड्या सरावाने जमतात. विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल केली तर ती दोन्ही माउसना एकदमच लागू होते. त्यामुळे ती न करता डाव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी मारायला शिकणे जास्त सोपे जाते.